गर्दभ आणि गावकूस : एक ऐतिहासिक विचार

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील एक्कावन्नावा श्लोक आमच्या वाचकांना अपरिचित नाही. चांडाळ व श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, त्यांची भांडी इतरांनी वर्ज्य मानावीत आणि कुत्री व गाढवे एवढेच त्यांचे धन असावे, असा त्याचा आशय आहे. लगेच पुढच्या श्लोकात प्रेतावरची वस्त्रे, फुटकी भांडी, लोखंडाचे अलंकार आणि नित्याची भटकंती त्यांच्या वाट्याला घातली आहे. या श्लोकांचा विचार आजवर प्रामुख्याने गावाबाहेरच्या वस्तीच्या संदर्भात झाला आणि ते योग्यच होते. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वतंत्रपणे उभा केला व त्याला स्वतंत्र उत्तरही दिले. तथापि त्या श्लोकातील 'धन' या शब्दाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. स्मृतिकाराने गाय दिली नाही, घोडा दिला नाही, गाढव दिले. ज्या माणसाला हीन ठरवायचे त्याच्या दावणीला कोणते जनावर असावे, हेही शास्त्राने ठरवून टाकले. हे जनावर त्या श्लोकापर्यंत कसे येऊन पोहोचले आणि आपल्या पालि वाङ्मयात त्याची गती काय आहे, याचा शोध घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

मूळस्थान

गाढवाचे मूळ भारतात नाही. पाळीव गाढवाचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतील रानगाढव होय. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने ही गोष्ट प्रथम भक्कम पायावर उभी केली. पुढे २०२२ साली २०७ आधुनिक व ३१ प्राचीन गाढवांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाढव एकदाच, आणि तेही पूर्व आफ्रिकेत, इ.स.पू. ५००० च्या सुमारास माणसाळवले गेले व तेथून ते युरोप व आशिया खंडांत पसरले, असा त्याचा निष्कर्ष आहे. सहारा कोरडा होत चालला होता, पाण्याच्या जागा एकमेकींपासून दूर पडत चालल्या होत्या. अशा प्रदेशात थोड्या चाऱ्यावर, थोड्या पाण्यावर ओझे घेऊन दूर जाणारे जनावर माणसाला लाभले. चाकाची गाडी आणि उंटाचे तांडे यांच्या आधीची माणसाची दळणवळणाची व्यवस्था या पाठीवर उभी राहिली.

त्या काळी गाढव हीन नव्हते. ईजिप्तमधील अबायडॉस येथे २००२ साली एका आरंभीच्या राजाच्या अंत्यविधीच्या वास्तूजवळ दहा गाढवांचे सांगाडे सापडले. त्यांचा काळ इ.स.पू. ३००० च्या आसपासचा आहे. त्यांच्यासाठी विटांची थडगी बांधलेली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की त्यांच्या हाडांची ठेवण अजून बरीचशी रानगाढवासारखी होती. मात्र सांध्यांवर व मणक्यांवर ओझे वाहिल्याची झीज स्पष्ट होती. म्हणजे ही जनावरे राबलेली होती, आणि राबलेली असूनही, किंबहुना राबलेली होती म्हणूनच, राजाशेजारी सन्मानाने पुरली गेली. श्रम आणि अप्रतिष्ठा यांची जोडी निसर्गाने घातलेली नाही, हे या दहा थडग्यांवरून ध्यानात येते.

रानातील आप्त

आशियात रानगाढवांची वेगळी जात आहे. तिबेट व लडाखच्या पठारावरील कियांग, इराण व मध्य आशियातील ओनेजर आणि कच्छच्या छोट्या रणातील घुडखर ही तिची जवळची-दूरची भावंडे होत. घुडखर एके काळी सिंध, बलुचिस्तान व वायव्य भारतात हिंडत होता. आज त्याचे मुख्य आश्रयस्थान छोटे रण हेच आहे. पाळीव गाढवाशी त्याचे नाते चुलत घराण्याचे आहे, पूर्वजाचे नाही. आशियाई रानगाढव माणसाच्या खुंट्याला कधी टिकून राहिले नाही. सीरियातील उम्म-एल-मर्रा येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या दफनभूमीत सापडलेल्या जनावरांचा जनुकीय अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ती जनावरे पाळीव गाढवीण आणि सीरियाचे रानगाढव यांच्या संकरातून जन्मलेली होती. मेसोपोटेमियाच्या लेखांत त्यांना 'कुंगा' म्हटले आहे आणि त्यांची किंमत गाढवाच्या कित्येक पट होती. मात्र प्रत्येक पिढीसाठी रानातून नवा नर पकडून आणावा लागे. ते सीरियाचे रानगाढव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामशेष झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रानगाढवाची कोठेही निंदा नाही. इराणी भाषेत त्याला 'गोर' म्हणतात आणि पाचव्या शतकातील सासानी सम्राट बहराम हा 'बहराम गोर' या नावानेच इतिहासाला ठाऊक आहे. सम्राटाने रानगाढवाचे नाव बिरुदासारखे मिरवावे, आणि त्याच कुळातील पाळीव जनावराचे नाव मात्र शिवी व्हावे, याचे कारण काय? दोघांचे कान लांबच आहेत, दोघांचा आवाज कर्कशच आहे. फरक आहे तो पाठीवरच्या ओझ्याचा. जे धावते त्याचा गौरव झाला, जे वाहते त्याची निंदा झाली. तिरस्कार जनावराच्या जातीत नव्हता. तो त्याच्या कामात आणि ते काम करवून घेणाऱ्या व्यवस्थेत होता.

वेदकाळापासून स्मृतिकाळापर्यंत

वैदिक वाङ्मयात आरंभी गाढवाला स्थान आहे. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या रथाला 'रासभ' जोडलेला दिसतो. ऐतरेय ब्राह्मणात देवांच्या शर्यतीची कथा आहे. तीत अग्नी खेचरींच्या रथातून, उषा तांबूस गायींच्या, इंद्र घोड्यांच्या आणि अश्विनीकुमार गाढवांच्या रथातून धावतात, व जिंकतात ते अश्विनीकुमार. परंतु ती कथा तेथेच थांबत नाही. विजय मिळवून देताना गाढवाचा वेग व दूध संपून गेले, म्हणून ते सर्व वाहनांत मंद झाले, अशी पुस्ती तिला जोडली आहे. जिंकून देणारे जनावरच शेवटी हीन ठरते! पुरोहितवर्गाच्या कल्पनेत गाढवाची उतरण येथे सुरू झालेली दिसते.

धर्मशास्त्रांत ती पूर्ण होते. ब्रह्मचर्य भंगलेल्या विद्यार्थ्याने चव्हाट्यावर निऋतीला एकाक्ष गाढवाचा बळी द्यावा, असे मनुस्मृती सांगते. गाढव ओरडत असता वेदपठण करू नये, असे तिच्या चौथ्या अध्यायात आहे. गुरूला दोष देणारा शिष्य गाढवाच्या जन्माला जातो, असे दुसऱ्या अध्यायात आहे. ब्राह्मणाची हत्या करणारा ज्या योनींत जातो त्यांतही गाढव आहे. आठव्या अध्यायात एका अपराधासाठी स्त्रीला गाढवावर बसवून फिरवण्याची शिक्षा आहे. ही सर्व विधाने एकत्र ठेवून पाहावीत. प्रायश्चित्त गाढवाचे, अशुभ ध्वनी गाढवाचा, पापाचा पुनर्जन्म गाढवाचा, बेअब्रूचे वाहन गाढवाचे. आणि मग दहाव्या अध्यायात चांडाळाचे धनही गाढवाचे. अपमानाची एक चिन्हव्यवस्था तयार करून ती एका मानवसमूहाच्या दारात नेऊन बांधली, असा हा प्रकार आहे. माणसाच्या हीनतेने जनावर हीन ठरले आणि जनावराच्या हीनतेने माणूस हीन ठरला. दोन्ही बाजूंनी गाठ आवळली गेली.

याच काळातील व्यवहार मात्र वेगळे सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोरड्या प्रदेशातील व उन्हाळ्यातील स्वारीसाठी गाढव, उंट व घोडे यांचे बळ सांगितले आहे. राज्याला गाढव हवे होते, व्यापाराला हवे होते. शास्त्राला तेवढे ते अमंगळ होते.

पालि वाङ्मयातील गद्रभ

संस्कृतातील 'गर्दभ' पालित 'गद्रभ' होतो. रकार जागा बदलतो. आपले 'गाढव' त्याच शब्दकुळातील आहे. त्रिपिटकात व त्याच्या आनुषंगिक ग्रंथांत गद्रभ पुष्कळ ठिकाणी येतो. तो सर्वत्र गौरवानेच येतो, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. आपल्या ग्रंथांचे गुणगान करण्यासाठी त्यांतील अप्रिय स्थळे झाकणे, ही बुद्धवचनाच्या अभ्यासाची रीत नव्हे.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात गद्रभसुत्त आहे. गायींच्या कळपामागून एक गाढव चालते आणि आपणही गायच आहोत असे मानते. पण त्याचा वर्ण गायीसारखा नाही, स्वर नाही, पाऊलही नाही. तसाच एखादा भिक्खू संघामागून चालतो, आपणही भिक्खू आहोत असे म्हणतो. पण अधिशील, अधिचित्त व अधिप्रज्ञा यांच्या शिक्षणाची त्याला इतर भिक्खूंसारखी आस्था नसते. दृष्टांत गाढवाला अनुकूल नाही, हे उघड आहे. परंतु त्याचा रोख पाहावा. जन्माने कोण कोठला, हे तेथे विचारलेलेच नाही. वर्ण, स्वर आणि पाऊल या तीन देहचिन्हांच्या जागी भगवान बुद्धांनी तीन शिक्षा ठेवल्या. या शिक्षा कोणालाही घेता येतात. गाढवाला गाय होता येत नाही. आस्था नसलेल्या भिक्खूला मात्र खरा भिक्खू होता येते. दृष्टांताचे सारे बळ या फरकात आहे.

जातक क्रमांक १८९, सीहचम्मजातक, सर्वपरिचित आहे. एक व्यापारी गाढवावर माल लादून गावोगाव हिंडतो. मुक्कामाला तो गाढवावर सिंहाचे कातडे घालून त्याला लोकांच्या भाताच्या व जवाच्या शेतांत सोडतो. राखणदार भिऊन पळतात. शेवटी गावकरी शस्त्रे घेऊन, शंख व ढोल वाजवीत येतात; गाढव भीतीने ओरडते आणि शेतकऱ्याच्या कुळात जन्मलेला बोधिसत्त्व ते ओळखतो. गावकरी त्याची हाडे मोडेपर्यंत त्याला मारतात. व्यापारी येऊन खेद व्यक्त करतो, गाढव तेथेच मरते आणि व्यापारी त्याला सोडून निघून जातो. शास्त्यांनी ही कथा कोकालिकाला उद्देशून सांगितली. तिचा परंपरागत बोध असा की, ढोंग बोलण्याने उघडे पडते. तो बोध आम्हांला मान्य आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. कातडे पांघरले ते गाढवाने नव्हे, व्यापाऱ्याने. धान्य वाचले ते व्यापाऱ्याचे आणि मार खाल्ला तो गाढवाने. कथाकाराने मालकाचे निघून जाणे नोंदवून ठेवले आहे, ते वाचकाने नजरेआड करू नये.

हीच कथा पंचतंत्रात व हितोपदेशात आहे. तेथे कातडे वाघाचे आहे आणि मालक व्यापारी नसून धोबी आहे. पालि कथेत गाढव हे वाणिज्याचे साधन आहे. संस्कृत नीतिकथांत ते एका सेवाजातीच्या दारात येऊन पोहोचले आहे. जातककथेच्या समाजात गाढवावर माल लादणारा माणूस हीन नव्हता. सह्याद्रीच्या ज्या घाटवाटांवर गाडी चढत नव्हती तेथे सर्व व्यापार लादलेल्या जनावरांच्या पाठीवरूनच चालत असे; कार्ले व कान्हेरी येथील लेण्यांना दान देणाऱ्या व्यापाऱ्यांचे धन अशाच वाटांनी वर चढले.

विनयपिटकाची दृष्टी तर याहून स्पष्ट आहे. दुसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात चतुष्पाद म्हणजे काय, हे सांगताना हत्ती, घोडे, उंट, बैल व गाढवे एकाच ओळीत येतात. यांपैकी कोणतेही जनावर चोरणे ही चोरीच. अपराधाची मर्यादा पाच मासकांच्या किमतीने ठरते; जनावर कोणाच्या दावणीचे होते, यावर ती अवलंबून नाही.

आणि मिलिंदपञ्ह. त्याच्या उपमाकथांच्या विभागात साधकाने कोणाकोणापासून कोणता गुण घ्यावा, याची दीर्घ मालिका आहे. तिचा पहिला वर्गच गद्रभाच्या नावाचा आहे. नागसेन सांगतात की, गाढव उकिरड्यावर, चव्हाट्यावर, वेशीत किंवा भुशाच्या ढिगावर, जेथे जागा मिळेल तेथे पडते आणि फार वेळ लोळत राहत नाही. साधकानेही तसेच मिळेल त्या जागी अंग टाकावे व निद्रेत रमू नये. उकिरडा, चव्हाटा, वेस ही नेमकी बहिष्कृतांची स्थाने होत. स्मृतिकाराने ज्या जागा हीनतेच्या म्हणून नेमल्या, त्याच जागी नागसेनांना शिकण्यासारखा गुण दिसला. आणि ग्रीक राजापुढे बोलताना त्यांनी या मालिकेत गाढवाला अग्रस्थान दिले.

खेचराची साक्ष

तरीही पालि वाङ्मयात गाढवाचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच आहे. जातिभेदाविरुद्धच्या वादात ते साक्षीदार म्हणून उभे राहते.

मज्झिमनिकायाच्या अस्सलायनसुत्तात सोळा वर्षांचा अस्सलायन ब्राह्मणांच्या आग्रहावरून श्रावस्तीत भगवंतांशी वाद करण्यास येतो. ब्राह्मण वर्णच श्रेष्ठ, हे त्याला सिद्ध करायचे आहे. भगवान त्याला विचारतात की, क्षत्रिय तरुण व ब्राह्मण कन्या यांना पुत्र झाला तर त्याला आईसारखा व बापासारखा म्हणता येईल काय? अस्सलायन होकार देतो. मग ते विचारतात, घोडीचा गाढवाशी संयोग होऊन शिंगरू झाले तर त्याला घोडा म्हणावे की गाढव? अस्सलायन उत्तरतो की, ते खेचर होय. येथे मला भेद दिसतो, पण तेथे, माणसांच्या बाबतीत, मला काहीच भेद दिसत नाही. वादाचा निकाल प्रतिवादीच्या तोंडूनच लागतो.

हा युक्तिवाद किती अचूक आहे, याची कल्पना आजच्या विज्ञानावरून येते. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. खेचरात ती ६३ येतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि म्हणून खेचराचा वंश सहसा चालत नाही. प्राचीनांना गुणसूत्रे ठाऊक नव्हती, पण परिणाम ठाऊक होता. ऐतरेय ब्राह्मणाने शर्यतीच्या कथेत खेचरीच्या वांझपणाचे कारण अग्नीच्या माथी मारले. पालि ग्रंथांत देवदत्ताच्या लाभसत्काराला खेचरीच्या गर्भाची उपमा आहे, कारण तो गर्भ तिच्याच नाशाला कारण होतो. घोडा व गाढव यांच्यामधील भिंत निसर्गाने घातलेली आहे आणि ती संततीत दिसते. ब्राह्मण व चांडाळ यांच्यामध्ये अशी भिंत असती तर तीही संततीत दिसली असती. सर्व माणसांची गुणसूत्रे ४६ आहेत आणि कोणत्याही दोन जातींच्या संततीचा वंश अखंड चालतो. वासेट्ठसुत्तात भगवंतांनी हेच तत्त्व मांडले आहे : गवत, कीटक, चतुष्पाद, पक्षी यांच्या जातींची लक्षणे जन्मतः भिन्न आहेत, माणसांत तशी लक्षणे नाहीत. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या वज्रसूचीत गाय, हत्ती, घोडा यांच्या पाऊलठशांचा दाखला याच कारणासाठी आला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे आधुनिक मानववंशशास्त्राच्या आधारे मांडले. अस्सलायनाच्या उत्तरापासून तेथपर्यंत विचाराची वाट सरळ जाते.

महाउम्मग्ग जातकात हाच प्रश्न विनोदाच्या अंगाने येतो. राजा वैदेहाच्या सभेत बालपंडित महोसध आपल्या पित्याला आसनावरून उठवून स्वतः बसतो. सभेला ते अनुचित वाटते. बाप नेहमीच पुत्राहून श्रेष्ठ असतो काय, असे तो राजाला विचारतो. राजा होय म्हणताच तो एक गाढव पुढे आणवून त्याची किंमत विचारतो. आठ कार्षापण, असे उत्तर येते. मग याच गाढवापासून उत्तम सिंधी घोडीला झालेल्या खेचराची किंमत किती? ते तर अमूल्य. म्हणजे बापाहून पुत्र श्रेष्ठ ठरला! कुळावरून माणसाची किंमत करणाऱ्या सभेला एका मुलाने गाढव दाखवून निरुत्तर केले. धम्मपदाच्या नागवर्गातही शिकवलेली खेचरे, सिंधी घोडे व हत्ती उत्तम म्हणून सांगितले आहेत आणि ज्याने स्वतःला शिकवले तो त्याहून उत्तम म्हटला आहे. श्रेष्ठता शिक्षणाने येते. तीत गाढवाचे रक्त आडवे येत नाही.

नांगर, गाळ आणि पाणी

स्मृतीने बांधलेली गाठ राजव्यवहारातही उतरली. ओडिशातील उदयगिरीच्या हाथीगुंफेतील खारवेलाच्या प्राकृत लेखात, त्याने राज्याच्या अकराव्या वर्षी पिथुंड नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याची नोंद आहे. जिंकलेल्या नगराला गाढवाचा नांगर लावणे म्हणजे ती भूमी ओसाड व अमंगळ ठरवणे. ही रीत महाराष्ट्रातही चालत आली. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे बेचिराख करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याचे इतिहासात प्रसिद्ध आहे. 'गाढवाचा नांगर फिरवणे' हा शब्दप्रयोग आपण आजही सहज वापरतो. त्याच्या मागे किती उजाड झालेली गावे आहेत याचे भान राहत नाही.

कोकणात शिलाहार काळापासून गधेगाळ नावाचे शिलाखंड आढळतात. 'गाळ' म्हणजे शिवी. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली स्त्री व गाढव यांचे शिल्प, अशी त्यांची सामान्य रचना असते. जो हे दान मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, असा त्याचा अर्थ. मुंबईतील परळच्या इ.स. ११८७ च्या अपरादित्याच्या शिलालेखात ही शिवी मराठीत आलेली आहे. मराठी भाषेच्या आद्य लेखांत तिचा समावेश व्हावा, ही गोष्ट विषण्ण करणारी आहे. दान मोडणारा पुरुष. शिक्षा त्याच्या आईला. आणि साधन गाढव. अपराध ज्याचा त्याला सोडून सर्वांत मूक अशा दोघांवर व्यवस्थेने आपला धाक उभा केला. आठव्या अध्यायातील गाढवावरची धिंड आणि हे शिल्प यांचे कूळ एकच आहे.

याउलट सौराष्ट्रातील गिरनारच्या शिळेवर सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख पाहावा. रस्त्यांवर विहिरी खोदल्या व झाडे लावली, ती पशू व मनुष्य या दोघांच्या उपभोगासाठी, असे त्यात म्हटले आहे. एका पाणवठ्यावर माणूस व जनावर शेजारी उभे राहतात आणि कोणाचाही विटाळ होत नाही. याच महाराष्ट्रात सोळाव्या शतकातील संत एकनाथांनी रामेश्वरासाठी नेलेले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजले, अशी कथा परंपरा आदराने सांगते. त्या करुणेबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु ज्या समाजाने ती कथा पिढ्यानपिढ्या कीर्तनांतून ऐकली, त्याच समाजाने महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिऊ दिले आणि माणसांना हाकलले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरच्या हक्काचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयातून १९३७ साली लागला. जेथे आपल्याला कुत्र्या-मांजरांहून हीन वागवले जाते व पाणीही मिळत नाही, ती भूमी आपली कशी म्हणावी, असे बाबासाहेब १९३१ साली गांधीजींना म्हणाले होते. करुणा जनावरापर्यंत पोहोचली आणि शेजारच्या माणसाशी अडली. कारण तिच्या वाटेत शास्त्र उभे होते. धम्मातील मैत्रीला असा अडसर नाही. ती पशूला जवळ करते म्हणून माणसाला दूर लोटत नाही, आणि माणसाचा कैवार घेते म्हणून पशूला तुच्छ लेखत नाही.

आजचा प्रश्न

रानातील आप्ताची स्थिती आज सुधारते आहे. १९६० च्या आसपास सर्रा व इतर साथींनी घुडखरांची दाणादाण उडाली आणि १९६९ च्या गणतीत त्यांची संख्या अवघी ३६२ भरली. १९७३ साली छोट्या रणात सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. २०२० साली ही संख्या ६,०८२ आणि २०२४ साली ७,६७२ झाली. संरक्षण मिळाले की नष्ट होत चाललेली जात उभी राहते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पाळीव गाढवाची गती उलट आहे. देशात २०१२ साली सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या पशुगणनेत ती सुमारे १ लाख २० हजारांवर आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट झाली. वीटभट्ट्यांवर व वाळूच्या वाहतुकीत यंत्रे आली, हे त्याचे एक कारण. दुसरीकडे कातड्यापासून औषधी द्रव्य बनवण्यासाठी जगभर गाढवांची कत्तल वाढली. ती थांबवण्यासाठी आफ्रिकी राष्ट्रांच्या संघाला २०२४ च्या फेब्रुवारीत कातड्यासाठीच्या कत्तलीवर बंदी घालण्याचा निर्णय घ्यावा लागला. ज्या खंडाने जगाला हे जनावर दिले त्यालाच त्याच्या रक्षणासाठी उभे राहावे लागले.

आपल्या दृष्टीने प्रश्न केवळ जनावराचा नाही. जेजुरीचा पौष पौर्णिमेचा आणि मढीच्या यात्रेतील गाढवांचा बाजार ज्या लोकांमुळे भरतो ते वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार व परीट समाज आहेत. त्यांतील अनेकांच्या बिऱ्हाडाचे चाक म्हणजे गाढवच होते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनात कैकाडी समाजाचे गाढवाच्या पाठीवरील ते बिऱ्हाड मराठी वाचकांनी प्रथम जवळून पाहिले. त्यांनी पुढे २००६ साली धम्माचा स्वीकार केला आणि २००७ च्या मे महिन्यात मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांचा धम्मस्वीकाराचा मोठा सोहळा झाला. गाढव गेले म्हणून या समाजांची भटकंती आपोआप संपत नाही. जनावर गेले, जमीन मिळाली नाही, तर मागे उरते ते ओझे; आणि ते माणसाच्या पाठीवर येते. मनूने नेमून दिलेले धन काढून घेतले जात असेल, तर त्याच्या जागी शिक्षण, जमीन व स्थिर वस्ती यांचे धन आले पाहिजे. विहारांनी व उपासक-उपासिकांनी या वस्त्यांशी आपला संबंध किती आहे, हे तपासून पाहावे, असे आम्हांला वाटते.

आणखी एक लहानसे काम प्रत्येकाला घरी करता येण्यासारखे आहे. मुलाला अभ्यास येत नाही म्हणून आपण त्याला 'गाढव' म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी गावकुसाच्या आतल्या माणसांनी घातला आहे. ज्यांच्या पूर्वजांचे धन म्हणून शास्त्राने गाढव नेमून दिले, त्यांनी तरी तो शिवी म्हणून उच्चारू नये. सहा-सात हजार वर्षे माणसाचे ओझे वाहिलेल्या, अबायडॉसला राजाशेजारी विसावलेल्या आणि अस्सलायनाच्या वादात समतेच्या बाजूने साक्ष दिलेल्या या जनावराचे नाव आपल्या मुलांना मिलिंदपञ्हातील त्या पहिल्या वर्गामधून कळावे. तेथे गाढवापासून शिका, असे सांगितले आहे.